आधी उजेड, मग माणूस

दुपार कलली तरी आत्याची ओंजळ सुटली नव्हती. ओंजळीत स्क्रू होते, बारीक आणि गार. शिडीवरून चिमणीचा हात खाली आला की आत्या बोटांनी चाचपून नेमका हवा तो वर द्यायची.

"अगं, वाटीत ठेव ना ते. हात अवघडला असेल तुझा."

"वाटीला कळतं का लांब कुठला नि आखूड कुठला? माझ्या बोटांना कळतं. तू वर बघ."

चिमणी हसली. ही आत्याच्या थोरल्या भावाची, दादाची, एकुलती एक लेक. उंच इमारतींच्या पोटात दोरांना लटकून लिफ्ट दुरुस्त करायची, म्हणून घरातल्यांनी तिला चिमणी म्हणणं सोडायला हवं होतं, झालं उलटंच; नाव आणखी घट्ट चिकटलं. आता ती जिन्याच्या वळणावर, छताच्या कोपऱ्यात, लिंबाएवढा एक पांढरा डोळा बसवत होती. बाकीच्या खोल्यांत सकाळपासून बसवून झाले होते.

"लिफ्टचं दार मिटता मिटता मधे माणूस आला की थांबतं ना, त्यातलीच जात ही," ती म्हणाली. "खाली कुणी हललं की याला कळतं. कळलं की हा बटणाला सांगतो. बटण दिवा लावतं. माणूस गेला की लगेच विझतो, वीज वाया नाही."

"म्हणजे चहाडखोर आहे."

"चांगला चहाडखोर."

आत्याला हसू आवरेना. सकाळपासून तिचं असंच चाललं होतं. शेजारचं लग्न आपल्याच घरात आल्यासारखी ती या खोलीतून त्या खोलीत फिरत होती. भिंतींच्या जुन्या पितळी बटणांमागे चिमणीनं आगपेटीएवढी यंत्रं दडवली होती. दारावर कोण आलं ते सांगायला घंटी होती, गॅस गळला तर कोकलणारी डबी होती. आणि जेवणघराच्या फळीवर बसलेला तो बोलका डबा! आत्यानं पहिल्याच दिवशी त्याचं बारसं करून टाकलं होतं: नवी मुलगी.

आत्याची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. कानाला पट्टा, हातात दोरा, समोर भोकांची भिंत. कामावर नवी मुलगी आली की तिला शिकवायचं काम आत्याकडेच यायचं. त्यामुळे डबा पहिल्यांदा "माफ करा, मला समजलं नाही" म्हणाला, तेव्हा चिमणी वैतागली. आत्या मात्र विरघळली.

"असू दे, असू दे," ती डब्याला म्हणाली होती. "पहिल्या दिवशी आम्हालाही समजत नव्हतं. घाबरू नकोस. परत सांगते हं."

आता नवी मुलगी चांगली तयार झाली होती. आत्यानं "स्वयंपाकघरात दिवा लाव" म्हटलं की "स्वयंपाकघरात दिवा लावते" म्हणायची आणि लावायची. आत्या तिला शाबासकी द्यायला विसरत नसे.

एकच गोष्ट आत्यानं कुणाला सांगितली नव्हती. दिवे लागत होते, पण दारं सापडत नव्हती.

तिच्या नजरेचं असं झालं होतं, की चित्राला कुणी चारी बाजूंनी काळा कागद चिकटवत आत आत यावं. मधलं तेवढं उरलं होतं. त्यातही जे लखलखीत ते दिसायचं, मंद ते नाहीच. डोक्यावर दिवा लागला की डोळ्यांपुढे दुधाळ धुकं पसरायचं, आणि त्या धुक्यात दाराची चौकट कुठे विरघळायची कोण जाणे. मग खांद्याला लागायची, तेव्हा सापडायची. म्हणून एवढ्या उकाड्यात आत्यानं लांब बाह्या घातल्या होत्या.

थंडीत जिन्यातला दिवा गेला होता. ती सवयीनं चढायला गेली आणि वळणावरून खाली आली. मनगट मोडलं. ती दादाला सापडली सकाळी, दूध घेऊन आला तेव्हा. आत्याला बायो म्हणणाऱ्या दादानं त्या दिवसापासून एकच धरलं होतं: बायोनं आमच्याकडे यायचं, घराला कुलूप लावायचं. दादाकडे म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला, उंचावरच्या त्या घरात, जिथे प्रत्येक खोली सारखी आणि कुठलीच आत्याची नाही. चिमणीनं बापाशी भांडून थोडे दिवस मागून घेतले होते. ते आज संपत होते. दादानं अटही घालून दिली होती. ऊन उतरलं की बाहेरच्या दारापासून वर गच्चीपर्यंत बायोनं एकटीनं जायचं. कुणाचा हात नाही, भिंत चाचपायची नाही. जिन्याचा कठडा तेवढा माफ. पोचली तर राहील, नाहीतर त्याच पावली सामान बांधायचं.

आणि काल फोन करून त्यानं आणखी एक खुंटी ठोकली होती. "डब्याला सांगून दिवा लावायचा नाही. घसा बसला, घाबरलीस, दातखीळ बसली, मग कुणाला हाक मारणार? न बोलता दिवा लागला पाहिजे."

म्हणून हे डोळे. चिमणीनं पहाटे कुठून कुठून धावाधाव करून आणलेले.

"झालं!" चिमणी शिडीवरून उतरली. "आता चालून दाखव. तपासण्यापुरते हे उजेडातही लागतील, नंतर फक्त अंधारात."

आत्या स्वयंपाकघरातून जिन्यात, जिन्यातून वरच्या खोलीत गेली. प्रत्येक ठिकाणी बटणातून आवाज आला: टक. टक. घरभर ऊन सांडलेलं होतं, त्यात दिवा लागला काय नि न लागला काय, कुणाला दिसणार! पण टक ऐकू आलं.

"जमलं!" चिमणीनं तिला मिठी मारली.

"जमलं," आत्या म्हणाली, आणि खांदा हळूच चोळला.

*

"बाहेरच्या दारावर कुणीतरी आहे," नवी मुलगी बोलली.

"कुणीतरी काय? थोरला भाऊ आहे घरातला," बाहेरून दादाचा आवाज आला. "आपल्याच घरात यायला डब्याची परवानगी!"

पाठोपाठ वहिनी आली आणि तिच्या मागून तात्या. तात्या धाकटा, दातांचा डॉक्टर. लोकांच्या तोंडात हात घालून दिवस काढायचा म्हणून घरी आल्यावर त्याचं स्वतःचं तोंड मिटत नसे.

"ताई! काय घर केलंयस गं! दारानं मला नमस्कार केला."

"दारानं नाही, घंटीनं. आणि तिनं कुणालाच केलेला नाही. बूट काढ."

बैठकीच्या खोलीत सगळे बसले. दादानं काहीतरी टेबलावर ठेवलं. जड, कागदात गुंडाळलेलं. ठक. आत्याचे कान आयुष्यभर आवाजांवर जगलेले. नवं कुलूप, तिनं ओळखलं. पण चेहऱ्यावर तिनं काही येऊ दिलं नाही.

"चहा सांगू का?" ती म्हणाली. "किटलीसुद्धा ऐकते आता माझं."

"किटली ऐकते, भाऊ ऐकत नाही, असंच ना?" दादा म्हणाला. तो निवृत्त मोजणीदार. रानं, रस्ते, डोंगरउतार मोजण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. बोलतानासुद्धा आधी जमीन मोजून मग पाय ठेवायचा. "बायो, मला यंत्रांचा राग नाही. पण मी डब्याशी बोलणार नाही. माणसानं माणसाशी बोलावं."

"मग बोल ना माझ्याशी."

"तेच करायला आलोय."

वहिनी उठून आत्याशेजारी येऊन बसली. तिनं आत्याचा हात हातात घेतला आणि नकळत बाही वर सरकली. कोपरापासून वर निळे, पिवळे डाग होते. काही जुने, काही अगदी कालचे.

"वन्सं, हे काय?"

"काही नाही हो वहिनी. चौकटींशी बोलणं चालू असतं माझं."

वहिनीनं बाही हळूच खाली ओढली. समोर बसलेल्या नवऱ्याला दिसलं नाही. खरं तर वहिनीला आत्या घरी यायला हवीच होती. नवरा बोलायचा मोजून, लेक दिवसभर लिफ्टमध्ये, दुपारी बोलायला भिंतीसुद्धा नव्या, मुक्या. पण आज ती दादाला काही बोलली नाही. आत्याचा हात मात्र तिनं सोडला नाही.

"मी ताईच्या बाजूनं," तात्यानं जाहीर केलं. "आधीच सांगून ठेवतो."

"तू नेहमी जिंकणाऱ्याच्या बाजूनं असतोस," दादा म्हणाला.

"म्हणून तर आधी सांगतोय! आज ताई जिंकणार." तो खोलीभर फिरू लागला. "अण्णा असते तर खूश झाले असते. नाहीतर त्यांचं ते वायरिंग! माझे मित्र यायचे आणि अंधारात भिंती चाचपत बसायचे. जेवणघराचं बटण बैठकीत, स्वयंपाकघराचं जेवणघरात, जिन्याचं स्वयंपाकघरात. दारातून आत येण्याच्या बोळाचं तर बाहेर, दारावर, पत्र्याच्या झाकणाखाली! मित्र म्हणायचे, तुझे वडील डोक्यावर पडलेत का रे?"

"नाटक कंपनीत प्रकाशवाले होते ते," आत्या म्हणाली. "त्यांचं म्हणणं, नट रंगमंचावर यायच्या आधी तिथं उजेड हवा. अंधारात आलेला राजासुद्धा चोर दिसतो. घरातही तसंच. आपण जिथे जाणार, तिथला दिवा आधी लावायचा, मग पाऊल टाकायचं. आधी उजेड, मग माणूस."

"आणि आमचे पाहुणे? आधी टेंगूळ, मग माणूस!"

सगळे हसले. दादाच्या तोंडूनही एक हसू निसटलं.

चहा झाला. कपांतली वाफ विरली तशी खिडकीतला उजेडही विरत गेला. भिंती करड्या झाल्या, मग माणसं करडी झाली. चिमणी खुर्चीच्या टोकावर बसली होती. "लागेल आता," ती पुटपुटली. "अंधार पुरेसा झाला की लागेल."

वहिनीनं कप उचलायला हात पुढे केला.

टक.

दिवा लागला. बैठकीतला नव्हे. पलीकडे, रिकाम्या जेवणघरात. टेबल, खुर्च्या, फळीवरची नवी मुलगी, सगळं लख्ख उजळून निघालं. इथे बैठकीत पाच माणसं मात्र अंधारात.

"हे काय गं चिमणे?" वहिनी म्हणाली. "घरातली माणसं अंधारात आणि खुर्च्यांना उजेड?"

"थांबा, मी बघतो," म्हणत तात्या जेवणघरात गेला. त्यानं उंबरा ओलांडायचा अवकाश, टक, स्वयंपाकघर उजळलं. तो स्वयंपाकघरात धावला. टक, जिना उजळला.

"पळाला! ताई, तुझे दिवे माझ्यापुढे पळतायत गं! धरू का एखादा?"

तो जेवणघरात परत आला, मग उगाचच पुन्हा स्वयंपाकघरात. दिवे लपाछपी खेळल्यासारखे पुढे पुढे. वहिनीला हसू फुटलं, आत्याला त्याहून जास्त. चिमणी मात्र कपाळावर हात मारून उभी राहिली.

"मी मूर्ख आहे. प्रत्येक डोळा मी त्याच खोलीतल्या बटणाला जोडला."

"मग बरोबरच केलंस की," वहिनी म्हणाली.

"आई, इतर कुठल्याही घरात बरोबर! या घरात खोलीतलं बटण त्या खोलीचा दिवा लावतच नाही. पुढच्याचा लावतं. आणि मी इथेच वाढले! बाहेरचा कुणी असता तर आधी दिवा लावून बघितला असता. माझा हात आपोआप बटणाकडे गेला, टक ऐकलं, झालं म्हटलं."

तात्या धापा टाकत परत आला आणि दादाच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. "म्हणजे दादा, मी ताईच्या बाजूनं होतो, पण हे असं…"

"बघ. पोचला जिंकणाऱ्याकडे," आत्या म्हणाली.

दादा हसला नाही. अंधारात त्याचा आवाज जमिनीलगत आला.

"बायो, मी हसत नाहीये, कारण मी तो जिना बघितलाय. तू खाली पडली होतीस आणि मला पाहून काय म्हणालीस आठवतं? 'दूध तापवायला ठेव, नासेल.' रात्रभर तशी पडली होतीस तू. त्या दिवसानंतर माझ्या फोनची घंटी वाजली की मला हाच जिना दिसतो. चिमणीनं खूप केलं. पण ही पोर शिडीवर दिवसभर खपली आणि शेवटी काय, तर दिवा भलत्याच खोलीत. उद्या गॅसची डबी भलत्याच खोलीत ओरडेल. मला नाही झेपत हे. चल तू. मी हात जोडतो."

टेबलावरच्या कागदाची चुरचुर झाली. दादाचा हात कुलपाकडे गेला होता.

"बाबा, मी आत्ता बदलते," चिमणी घाईनं म्हणाली. तिनं फोन काढला. तिचा चेहरा खालून उजळला. "प्रत्येक डोळ्याला मागचं बटण द्यायचं, बस. चहाचे कप विसळून होईपर्यंत होईल."

आत्या ऐकत होती, पण तिचं अर्धं लक्ष दुसरीकडेच होतं.

तिच्यासमोर दार होतं.

किती दिवसांनी! डोक्यावर दिवा नव्हता, म्हणून धुकं नव्हतं. आजूबाजूला काळोख, आणि त्या काळोखाच्या ऐन मध्यावर सोन्याचा एक उभा तुकडा. डावी कड सरळ, उजवी कड सरळ, खाली उंबरा धारेसारखा. कुणी कात्रीनं कापून लावावं तसं जेवणघराचं दार. नजरेच्या उरल्यासुरल्या खिडकीत ते बरोब्बर बसलं होतं. ती जरा डावीकडे वळली, दार हललं. पुन्हा समोर आली, दार समोर आलं.

तिच्या पोटातून हसू उसळलं. आपण एवढे दिवस काय करत होतो? उभं राहू तिथेच दिवा लावत होतो, आपल्याच डोक्यावर, आणि पुढच्या काळोखात धडका देत होतो. नवी मुलगी विचारायची कुठल्या खोलीत, आणि आपण सांगायचो, आहे त्या खोलीत. आयुष्यभर अण्णांच्या घरात राहून अण्णांचं घर विसरलो.

"चिमणे," ती म्हणाली, "त्याला हात लावू नकोस."

"अगं पण चुकलंय ते."

"चुकलंय तसंच राहू दे. फोन ठेव खाली. त्याचा उजेड येतोय मधे."

"आत्या, ऐक ना. असं गेलीस तर पडशील. मग सगळंच संपेल गं!"

"दादा," आत्या उठली, "अट काय होती? बाहेरच्या दारापासून गच्चीपर्यंत. न बोलता, न चाचपता."

"बायो, हट्ट करू नकोस."

"हट्ट तू करायचास, मी चालायचं. सगळ्यांनी इथेच बसायचं. मागून गर्दी नको."

"वन्सं, जा तुम्ही," वहिनी म्हणाली. एवढंच. पण तिच्या आवाजात काहीतरी असं होतं की दादानं मान वळवून अंधारात तिच्याकडे बघितलं.

*

बाहेर पायरीवर आत्या क्षणभर उभी राहिली. रस्त्यावरून सायकल गेली, कुणीतरी कुणाला घरी बोलावत होतं. छाती धडधडत होती, पण भीतीनं नव्हे. पहिल्यांदा एक्स्चेंजच्या खुर्चीत बसून कुणाचा तरी आवाज कुणाला तरी जोडून दिला होता, त्या दिवशी अशी धडधडली होती.

ती बोळात शिरली. टक. बैठकीचं दार उजळलं, लांबट, पिवळं. ती त्याच्याकडे चालू लागली. हात कडेला, खांदे सैल. चौकट आली आणि गेली, लागली नाही. बैठकीत माणसांचे श्वास होते, दिव्याखाली धुकं होतं, पण धुक्यापलीकडे जेवणघराचं दार जागं होतं आणि दोन पावलांत बोळाच्या डोळ्यानं तिला विसरून बैठकीचा दिवा मिटवलाही. धुकं गेलं. उरलं दार.

"अरे वा," तात्या कुजबुजला. कुणीतरी त्याला चापट मारली.

जेवणघर. टक, स्वयंपाकघर. तिचे पाय जड व्हायचे सोडून हलके होत चालले. लहानपणी जात्यावर बसलेल्या बायांच्या मागे झोपाळल्यासारखी बसून ऐकलेली ती लय, तिचा ठेका पायांत आला, आणि ओठांतल्या ओठांत शब्द आपोआप जुळत गेले. बोलायचं नाही ही अट. पण गुणगुणायला कोण अडवतं!

*पुढं गं माझा दिवा, मागं गं माझं पाऊल,*
*दाराच्या कानी गेली, माझ्या येण्याची चाहूल.*

स्वयंपाकघर. टक, जिना. तिनं कठडा धरला. मागे पाऊल वाजलं. एक जड, एक हलकं. दादाचीच चाल. बस म्हटलं तरी बसेल तो दादा कसला! अनवाणी आला होता, पण पायाचा आवाज काय चपलेत असतो?

ती चढू लागली. जिना वळेपर्यंत वरच्या खोलीचं दार दिसणार नव्हतं. या अर्ध्या वाटेला उजेड होता तो फक्त जिन्यातल्या दिव्याचा. वळण जवळ आलं.

दिवा विझला.

स्वयंपाकघरात आता कुणी हलत नव्हतं. तिथल्या डोळ्यानं इमानानं आपलं काम केलं होतं: माणूस गेला, दिवा बंद.

आत्या थांबली. हीच ती जागा. पायाखालची पायरी अर्धी होती की पूर्ण, कळेना. मोडून जुळलेलं मनगट आपोआप दुखायला लागलं. तोंडाशी शब्द आला, जिन्यात दिवा लाव, आणि तिनं तो गिळला. बोलली की संपलं. कुलूप. तिनं पाय उचलला, तो हवेतच राहिला.

खाली काहीतरी धडपडलं. भांडं पडलं. आणि मग कपड्याची फडफड, जोरजोरात, जणू घरात मोठं पाखरू शिरलंय.

टक. जिना उजळला.

"चढ, बायो!" खालून दादा ओरडला. धापा टाकत होता. "चढ! मी हलतोय इथे!"

"हलतोस म्हणजे?"

"हात हलवतोय! दोन्ही! वाऱ्यातल्या बुजगावण्यासारखा! बोलत काय बसलीस, चढ!"

आयुष्यभर जमीन मोजून पाय ठेवणारा आपला भाऊ स्वयंपाकघराच्या मध्यावर उभा राहून हात उडवतोय, हे आत्याला डोळ्यांनी दिसायची गरज नव्हती. सदऱ्याच्या बाह्यांचा आवाजच पुरे होता. ती हसत हसत वळण चढली, आणि वर, जिना संपतो तिथे, वरच्या खोलीचं दार झगझगीत उभं होतं. वाट बघत असल्यासारखं.

टक. गच्ची.

कडी काढून ती बाहेर आली. वारा अंगावर आला. अण्णांनी गच्चीच्या भिंतीवर टांगलेला जुना कंदिलाच्या आकाराचा दिवा लागला होता, आणि त्याच्यापुढे मोकळं आभाळ. त्याला चौकट नव्हती, म्हणून कुठे धडकायची भीतीही नव्हती.

"पोचले!" ती ओरडली. एक्स्चेंजमध्ये असं ओरडली असती तर नोकरी गेली असती.

खालून एकच गलका उठला. चिमणी सगळ्यांच्या पुढे, मागे वहिनी, मागे तात्या. धावणाऱ्या माणसांच्या पुढे दिवे धावत होते, टकटक टकटक. चिमणीनं येऊन आत्याला उचललंच. वहिनी रडत होती आणि हसत होती आणि पदरानं दोन्ही पुसत होती.

"मी म्हटलं नव्हतं?" तात्या म्हणाला. "मी पहिल्यापासून ताईच्या बाजूनं!"

"मधे खुर्चीमागे कोण उभं होतं रे?"

"तिथून चांगलं दिसत होतं!"

"आत्या," चिमणी म्हणाली, "तो जिन्याचा दिवा. तेवढा एक बदलू दे. माणूस गेल्यावरही जरा थांबेल असा करते."

"कर. त्याला थोडा धीर धरायला शिकव. बाकीच्यांना हात लावू नकोस." आत्यानं बाही वर सरकवली आणि वहिनीपुढे हात केला. "आजचा एक तरी डाग सापडतो का बघा."

वहिनीनं हात निरखला, आणि त्यावर ओठ टेकवले.

"दुपारी येत जाईन मी, वन्सं," ती हळूच म्हणाली. "या नव्या मुलीला जरा शिकवायला."

"या. तिला संगत हवीच आहे."

मग आत्याच्या लक्षात आलं, एक आवाज कमी आहे.

"दादा कुठाय?"

सगळे त्याच्या बाजूनंच धावत आले होते, पण तो मागे राहिल्याचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. बाकीचे हाका मारायला निघाले. आत्यानं त्यांना हातानं थोपवलं आणि गच्चीच्या दाराशी येऊन कान दिला. खाली दिवे विझले होते. दादा स्वयंपाकघरात तसाच उभा असणार, दमून, निश्चल. आणि निश्चल माणसाला तो डोळा माणूस मानत नाही. एक पाऊल टाकलं असतं तर जिना उजळला असता. पण ते माहीत असूनही तो हलेना.

"बायो," अंधारातून आवाज आला, घसा खाकरत. "गच्चीच्या दाराला कुलूप आहे का गं?"

"कुलूप कुठलं! कडी आहे, तीही सैल."

"हं," दादा म्हणाला. त्याच्या खिशातल्या कुलपाचा कागद चुरचुरला. "मग तिथं लागेल हे."

मग आत्याच्या कानांनी, ज्यांनी जन्मभर लोकांची अडखळती पहिली वाक्यं ऐकली होती, एक फार लाजरं, फार अदबीचं वाक्य ऐकलं.

"अहो… ऐकता का? जिन्यात जरा दिवा लावता का?"

"जिन्यात दिवा लावते," नवी मुलगी म्हणाली.

आधी उजेड आला. मग दादा.